संगीतकारांची हस्तलिखित पत्रे : जपायची कशी, मोल ओळखायचं कसं?



पत्रलेखनाचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. मायना, मजकूर, समारोप झाला की पाठ संपतो. पण लिहिलेल्या पत्राचं पुढे काय होतं, हे आपण सांगतो का? आज तेच पाहू.

आधी माझी चूक सांगते. माझे आजोबा तरुणपणी हार्मोनियम शिकायचे. त्यांचे गुरुजी गावी गेले की पोस्टकार्डावर बंदिशीचे स्वर लिहून पाठवायचे. आजोबा गेल्यावर बरीच कार्डं रद्दीत गेली. एक उरलं. ते टिकावं म्हणून मी चक्क लॅमिनेशन करून आणलं! त्यावर 'गुरुवार, १४ सप्टेंबर' एवढंच लिहिलंय, साल नाही. पोस्टाच्या शिक्क्यात ते पुसटसं होतं, पण आता प्लास्टिकच्या चकाकीखाली काहीच दिसत नाही. आणि लॅमिनेशन काही परत निघत नाही.

कागदही बोलतो

असंच कोडं जर्मन संगीतकार बीथोव्हेनच्या एका पत्राचं होतं. १८२७ मध्ये तो वारल्यावर त्याच्या सामानात पेन्सिलने लिहिलेलं एक प्रेमपत्र सापडलं. त्यात 'सोमवार, ६ जुलै' होतं, पण साल नाही, गाव नाही, जिला लिहिलं तिचं नावही नाही. अभ्यासकांनी जुनी कॅलेंडरं काढली. ६ जुलैला सोमवार १७९५, १८०१, १८०७, १८१२ आणि १८१८ साली येत होता. मग यातलं खरं साल कोणतं? कागद उजेडासमोर धरला की त्यात कारखान्याची खूण दिसते. तिला जलचिन्ह म्हणतात. बीथोव्हेन कुठल्या वर्षी कुठे होता याचे पुरावे होतेच. त्यांना या जलचिन्हाची जोड मिळाली आणि १८१२ हे साल पक्कं झालं. बघा, नुसता मजकूर उतरवून मूळ कागद फेकला असता, तर हा पुरावा गेला असता.

एकटं पत्र फसवूही शकतं

मोझार्ट २२ वर्षांचा असताना आईसोबत पॅरिसला गेला होता. ३ जुलै १७७८ रोजी आई वारली. त्याच रात्री त्याने साल्झबर्गला वडिलांना पत्र लिहिलं की आई फार आजारी आहे. आणि त्याच रात्री तिथल्याच एका स्नेही धर्मगुरूंना दुसरं पत्र लिहिलं, की आई गेली, तुम्ही वडिलांच्या मनाची तयारी करा. वडिलांना खरं त्याने ९ जुलैच्या पत्रात कळवलं. पहिलं पत्र एकटंच उरलं असतं तर आपण काय समजलो असतो? दोन्ही एकत्र वाचली की वडिलांना जपणारा मुलगा दिसतो. म्हणून पत्रांचा संच फोडू नये.

पत्राचं मोल कशावर ठरतं?

१. मजकूर : नुसत्या सही-आभाराच्या पत्रापेक्षा रचना, शिकवणी, मैफल किंवा आयुष्यातला प्रसंग सांगणारं पत्र मोलाचं.
२. खरेपणा : अक्षर, शाई आणि कागद त्या काळाशी जुळतात का? छापील प्रतिकृती अस्सल समजून फसगत होते.
३. हातोहात प्रवास : पत्र कोणाकडून कोणाकडे आलं याची नोंद हवी.
४. स्थिती : फाटणं, वाळवी, ओल, चिकटपट्टीचे डाग यांनी मोल घटतं.

संग्राहकांनी काय केलं?

स्वित्झर्लंडचे संग्राहक बोडमर यांनी जमवलेला बीथोव्हेनचा मोठा संग्रह १९५६ मध्ये बॉनच्या बीथोव्हेन-हाउसला मिळाला. लेखक स्टेफान झ्वाइग यांच्या संग्रहातली संगीताची हस्तलिखितं त्यांच्या वारसांनी १९८६ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला दिली. आयुष्यभर जमवलेलं शेवटी सगळ्यांना वाचायला मिळालं.

आपल्या घरी काय करावं?

✓ लॅमिनेशन, चिकटपट्टी, टाचणी, स्टेपलर नको.
✓ हात धुऊन, कोरडे करून पत्र धरा.
✓ आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. पावसाळ्यात भिंतीला लागून नको.
✓ पाकीट, तिकीट, शिक्का फेकू नका.
✓ दोन्ही बाजूंचे फोटो काढा.
✓ कोणी, कोणाला लिहिलं हे घरातल्या मोठ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा.

वर्गासाठी उपक्रम

मी ते कार्ड वर्गात नेलं. 'आजोबा साधारण १९६० ते १९८० मध्ये शिकत होते. १४ सप्टेंबरला गुरुवार कोणत्या वर्षी आला?' असं मुलांना विचारलं. मुलांनी शोधली चार वर्षं : १९६१, १९६७, १९७२, १९७८. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, शिक्का बघा ना, त्यात कळेल!" मी गप्पच झाले.

तुमच्या घरात एखाद्या गायकाचं, वादकाचं, गावच्या भजनी बुवांचं पत्र असेल, तर आजच शोधा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर ते कोणाचं, कधीचं, हे आजच विचारून ठेवा. मला विचारायला आता कोणी उरलं नाही.