दवाखान्याचा विमा घेण्याआधी

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. त्या दिवशी लेणी पाहणारे येत नाहीत. मग गाइड, रिक्षावाले, डोलीवाले, गारगोट्या विकणारे, टपरीवाले यांना थोडी उसंत मिळते.

अशाच एका मंगळवारी आम्ही वेरूळला गेलो होतो. चिंचेखाली दहा-वीस मंडळी बसली होती. बोलता बोलता गोष्ट निघाली दुखण्याची.

एक गाइडभाऊ म्हणाले, "मी दोन वर्षं विम्याचे हप्ते भरले. मग छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं. पण कंपनीनं एक पैसा दिला नाही. बायकोचे डाग मोडले, तेव्हा दवाखान्यातून सुटलो."

आम्ही विचारले, "कंपनीने कारण काय दिले?"

"म्हणाले, तुम्हाला आधीपासून साखरेचा आजार होता, तो तुम्ही फॉर्मात लिहिला नाही. खरं म्हणजे मी एजंटला सांगितलं होतं. तो म्हणाला, उगाच हप्ता वाढेल, 'नाही' लिहू. फॉर्म इंग्रजीत होता. मी खाली सही केली."

गारगोट्या विकणाऱ्या मावशी हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग विमा घेऊच नये का?"

"घ्यावा, मावशी," आम्ही म्हणालो. "पण विचारून घ्यावा." काय विचारायचे, तेच आज आपण पाहू.

विमा म्हणजे काय?

भिशी आपल्याला ठाऊक आहे. दर महिन्याला पैसे टाकायचे आणि आपली पाळी आली की सगळी रक्कम उचलायची. भिशीत प्रत्येकाची पाळी येते. विम्यात फक्त आजारी पडेल त्याचीच पाळी येते.

समजा, शंभर घरांनी वर्षाला हजार-हजार रुपये एका डब्यात टाकले. डब्यात एक लाख जमले. वर्षात दोन घरांवर दुखणे आले. प्रत्येकाला पन्नास हजार खर्च आला. डब्यातून तो भागला. बाकी अठ्ठ्याण्णव घरांचे हजार रुपये परत आले नाहीत. पण ते वाया गेले का? नाही. दुखणे कुणाच्या घरी येणार हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते. हजार रुपयांत त्यांना वर्षभराचा आधार मिळाला होता.

आता एक माणूस आजारी पडल्यावर धावत आला आणि म्हणाला, "हे घ्या हजार, मला पन्नास हजार द्या." त्याला दिले तर डबा लवकर रिकामा होईल. म्हणून विमावाले दोन नियम करतात. एक, आधीचे आजार खरे सांगा. दोन, त्या आजारांसाठी काही काळ थांबा. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, ते असे.

विकत घेण्याआधी हक्काचे पाहा

पुष्कळ लोक आधी एजंटकडे जातात. आम्ही म्हणतो, आधी आपले रेशनकार्ड काढा.

आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. आधी ती ठरावीक रेशनकार्डांपुरती होती. एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०२३ साली सरकारने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली करण्याचे ठरवले आणि मर्यादा पाच लाख केली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. दोन्ही योजना आपल्याकडे जोडून चालतात.

घरात सत्तर वर्षांचे किंवा त्याहून मोठे माणूस आहे का? ऑक्टोबर २०२४ पासून अशा सगळ्यांना आयुष्मान योजनेत घेतले आहे. घरची मिळकत किती, हे तिथे पाहत नाहीत. त्यांचे वेगळे कार्ड निघते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही योजना सगळ्या दवाखान्यांत चालत नाही, यादीतल्याच दवाखान्यांत चालते. उपचारांचीही यादी असते. २०२३ साली त्या यादीत १३५६ उपचार होते, पुढे तिच्यात बदल होत गेले. साध्या तापाच्या गोळ्यांचे पैसे यातून मिळत नाहीत. दवाखान्यात गेल्यावर आधी 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड त्यांना दाखवा. गडबडीत आधी पैसे भरून बसू नका. घरूनच विचारायचे असेल तर १५५३८८ या नंबरावर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५ हा नंबर आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, सरकारी मेडिकल कॉलेजाचा मोठा दवाखाना आहे. ते कॉलेज १९५६ साली निघाले. त्या दवाखान्याला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणूनच ओळखतो. कोणताही विमा नसला तरी घाटीचे दार उघडे असते, हे विसरू नये.

हॉटेलात नोकरी असेल तर

लेण्यांमुळे आपल्याकडे हॉटेले आहेत. मोठ्या हॉटेलातल्या कामगारांना राज्य कामगार विमा लागू होतो. आपण त्याला ईएसआय म्हणतो. त्याचा कायदा १९४८ साली झाला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी तो आहे. ही मर्यादा २०१७ साली ठरली.

२०१९ पासून कामगाराच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया कापतात आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. म्हणजे दहा हजार पगार असेल तर तुमचे ७५ रुपये जातात आणि मालकाचे ३२५. त्यात तुमच्यासकट घरच्यांचा औषधोपचार होतो. नियमाप्रमाणे दिवस भरले असतील तर आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भागही मिळतो. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय कापला आहे का ते वाचा. कापला असेल तर आपला विमा नंबर लिहून ठेवा. कापला नसेल तर मालकाला विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

वीस रुपयांचा विमा

चिंचेखालच्या एका रिक्षावाल्या मामांनी पासबुक दाखवले. म्हणाले, "माझा विमा आहे. बँक दर साल वीस रुपये कापते."

मामा, तो अपघाताचा विमा आहे. त्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना म्हणतात. अपघाताने मृत्यू आला किंवा कायमचे मोठे अपंगत्व आले तर त्यातून दोन लाखांपर्यंत मिळतात. तो जरूर ठेवा. पण मूतखड्याचे ऑपरेशन झाले, डेंग्यू झाला, तर त्यातून दवाखान्याचे बिल मिळत नाही. बँक ४३६ रुपये कापते तो आयुष्याचा विमा आहे. तो माणूस गेल्यावर वारसाला मिळतो. दवाखान्याचा विमा या दोन्हींहून वेगळा.

पॉलिसी घेताना सहा प्रश्न

हक्काचे सगळे पाहून झाले. तरी वाटले की आपल्याला पाहिजे त्या खासगी दवाखान्यात जाता यावे, तर पॉलिसी विकत घ्यावी. तेव्हा हे विचारा.

पहिला प्रश्न : आपल्या शहरातले कोणते दवाखाने यादीत आहेत? पुण्या-मुंबईची लांब यादी आपल्या काय कामाची? रात्री दोन वाजता वेरूळहून किंवा फर्दापूरहून माणूस कुठे न्यायचा, ते आधी ठरवा.

दुसरा प्रश्न : थांबायचे किती? अपघात सोडला तर पहिले तीस दिवस बहुधा काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया अशांसाठी बहुधा एक-दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे. हा नियम एप्रिल २०२४ पासूनचा आहे. पूर्वी चार वर्षे होती.

तिसरा प्रश्न : खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? समजा, रोज तीन हजारांची मर्यादा आहे आणि तुम्ही सहा हजारांची खोली घेतली. तुम्हाला वाटेल, वरचे तीन हजार आपण भरू. पण बऱ्याच पॉलिशींत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापतात. खोली दुप्पट घेतली, तर त्या खर्चाचे पैसे निम्मेच मिळतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते इथे खरे.

चौथा प्रश्न : प्रत्येक बिलात आपला वाटा किती? 'आरोग्य संजीवनी' नावाची एक साधी पॉलिसी २०२० पासून निरनिराळ्या कंपन्या विकतात. तिचे मुख्य नियम सगळीकडे सारखे असतात. तिच्यात शंभरातले पाच रुपये आपण भरायचे असतात. काही पॉलिशींत हा वाटा वीस रुपयेही असतो.

पाचवा प्रश्न : पाच लाख एकट्याचे की साऱ्या घराचे? साऱ्या घराचे असतील तर एकाच्या आजारात संपले की बाकीच्यांना त्या वर्षी काही उरत नाही.

सहावा प्रश्न : हप्ता किती आणि कधी? सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, हेही लक्षात असू द्या.

हप्त्याचे आणखी थोडे सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पाहुणे कमी आणि दिवाळीनंतर जास्त. म्हणून पॉलिसी अशा महिन्यात सुरू करा की दर वर्षी हप्ता हंगामात येईल. वर्षाचा हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत असते. पण मधल्या दिवसांत दुखणे आले तर पैसे मिळतीलच असे नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लेणी बंद झाली. कित्येक महिने कमाई नव्हती, आणि त्याच महिन्यांत आजार घरोघर शिरला. तेव्हा हप्त्याचे पैसे हंगामातच बाजूला काढावेत. गल्ल्यात राहिलेला पैसा उरत नाही.

खरे लिहा, वाचून सही करा

गाइडभाऊंचे चुकले कुठे? एजंटच्या शब्दावर त्यांनी सही केली. एजंटने चुकीचा सल्ला दिला हे खरे. पण कागदावर सही त्यांची होती. म्हणून साखर, रक्तदाब, दमा, जुने ऑपरेशन, तंबाखू, सगळे लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. स्वस्त हप्त्यात खोटी कबुली दिली तर ऐन वेळी दोन्ही जातात, हप्ताही आणि आधारही.

फॉर्म इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा शिक्षकांकडून वाचून घ्या. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवस असतात. तेवढ्यात वाचा. पसंत नसेल तर परत करता येते. थोडी कापाकापी होऊन पैसे मिळतात.

पैसे नाकारले तर लेखी कारण मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या भागासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचे शेवटचे उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला पाहिजे.

हे ऐकून गाइडभाऊ म्हणाले, "एजंटला सांगितलं होतं, याला साक्ष कोण?" आम्ही गप्प झालो. तोंडी बोलण्याला साक्ष नसते. तरी त्यांनी कागद शोधून ठेवायचे ठरवले.

मावशी उठल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. उद्या आधी त्यांचं कार्ड काढते. विकतच्या विम्याचं दिवाळीनंतर बघू."

आम्हाला ते पटले. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. ते येण्याआधीच कागद जागेवर हवेत.

आज घरी एवढे करा. पेटीतले रेशनकार्ड, आधारकार्ड, पासबुक आणि असली तर पॉलिसी बाहेर काढा. प्रत्येकावरचे नाव मोठ्याने वाचा. सगळ्यांवर एकच नाव, एकच स्पेलिंग आहे का ते पाहा. नसेल तर दुरुस्त करून घ्या. मग ते सगळे एका पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगा.