मुका मीटर

धनकवडीतल्या एका सोसायटीच्या तळघरात एक माणूस उकिडवा बसून मीटरच्या पेटीजवळ मोबाइल धरून रेंज बघत होता. विजेच्या मीटरला रेंज कशाला लागते, हे विचारायला मी थांबले आणि दुपारपर्यंत त्याच्याबरोबर हिंडले.

पूर्वी तो दारोदार रीडिंग घ्यायचा. आता ठेकेदाराकडे मुके मीटर बोलते करतो. ‘मुका’ हा त्याचाच शब्द. “दिवसाला 96 नोंदी, मॅडम.” दर 15 मिनिटांना एक. नवा स्मार्ट मीटर त्या साठवतो आणि आतल्या सिमकार्डावरून सर्व्हरला पाठवतो. काही ठिकाणी सिमऐवजी रेडिओ असतो. मग एक मीटर शेजारच्या मीटरमार्फत निरोप पुढे सरकवतो.

तळघरात मात्र जाड भिंती, लोखंडी पेटी आणि कुबट ओल. 96 नोंदी आतच अडकून पडलेल्या. त्याने अँटेनाची वायर भिंतीतल्या भोकातून जिन्यात नेली, वीतभर डावीकडे, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्या जागी दिवा लुकलुकला.

मग त्याने मेन बंद करून दाखवला. पुरवठा तुटला तरी मीटर काही क्षण जागा होता. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर तो ‘वीज गेली’ एवढा शेवटचा निरोप धाडतो. रोहित्र बंद पडलं तर कोणी फोन करण्याआधी ऑफिसला कळावं, म्हणून ही सोय. मी ते पुन्हा करायला लावलं.

केंद्राच्या 2021च्या योजनेत असे 25 कोटी मीटर बसवायचं ठरलं. एवढ्या मोठ्या आकड्याचा भार शेवटी जिन्यातल्या त्या वीतभर वायरवर येतो, आणि लोकांचा रागही तिथेच उभ्या असलेल्या माणसावर निघतो. वर येताच एका काकूंनी त्याला गाठलंच: “तुमच्या मीटरनं बिल वाढलं!” दर वीज नियामक आयोग ठरवतो, मीटर नाही, हे त्याने शांतपणे सांगितलं. खरं तर हे मीटर बसवतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं. त्याने काकूंच्या मोबाइलवर ॲप उघडून त्यांचा वापर दाखवला. सकाळी सहाला उंच उडी: गिझर. नऊ ते पाच वापर केला तर सवलत मिळते, हेही सांगितलं.

“म्हणजे गिझर नऊनंतर लावायचा? पोरं सातला शाळेत जातात.”

“तुमचंही बरोबर आहे काकू,” तो म्हणाला आणि शिडी उचलून पुढच्या तळघराकडे निघाला.