वेबवरील सूची आणि संपादकाचें इमान

यादी म्हटली कीं तिचे दोन प्रकार संभवतात. टेलिफोनचें जाडजूड पुस्तक ज्या काळीं घरांत असे, त्या काळीं त्याच्या शेजारीं बहुधा एक लहानशी वहीहि असे. तींत घरच्या डॉक्टरांचा, विश्वासू शिंप्याचा, नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा असे मोजकेच पत्ते लिहिलेले असत. टेलिफोनच्या पुस्तकांत नांव असणें हा कोणाचाहि गौरव नव्हता. टेलिफोन घेतला कीं नांव छापलें जाई. वहींत मात्र नांव चढावयाचें तर कोणी तरी त्या माणसाचें काम पाहिलेलें असावें लागे, आणि काम बिघडलें तर तें नांव खोडलेंहि जाई. कोण कोठें आहे हें पहिली यादी सांगते. कोणाकडे जावें हें दुसरी सांगते. पहिलीचा गुण पूर्णता, दुसरीचा गुण निवड.

पहिल्या प्रकारचें उत्तम उदाहरण मराठी वाचकांस ठाऊक आहे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि केली, तेव्हां ग्रंथ थोर कीं सामान्य हा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता. ग्रंथ छापला गेला असेल तर त्याची नोंद हवी आणि ती बिनचूक हवी, हीच त्यांची कसोटी. अशा सूचींतून एखादें पुस्तक गळलें तर तो दोष ठरतो. निवडीच्या सूचीचें गणित याच्या उलट आहे. तिची पत तींत काय आहे यावर जितकी अवलंबून असते, तितकीच तींतून काय वगळलें आहे यावरहि असते.

वेबवरील ‘डिरेक्टरी’ ही वस्तु या दुसऱ्या जातीची. संकेतस्थळांचे पत्ते विषयवार लावून, प्रत्येकाखालीं एक-दोन ओळींचें वर्णन देऊन वाचकास वाट दाखवावी, हा तिचा हेतु. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनींच १९९१ सालीं, जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत असतां, अशा सूचीस आरंभ केला. पुढें ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ या नांवानें ती वाढली, व एकेक विषय त्या विषयांतील जाणकारानें सांभाळावा अशी प्रथा पडली. १९९४ च्या आरंभीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जेरी यांग व डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनीं पत्त्यांची आपली एक यादी सुरू केली. तीच थोड्या महिन्यांत ‘याहू’ म्हणून प्रसिद्धीस आली. यादी दोघांच्या हातीं मावेनाशी झाली तेव्हां, १९९५ सालीं, श्रीनिजा श्रीनिवासन या ज्ञानाच्या मांडणीचा अनुभव असलेल्या बाईंस बोलावण्यांत आलें, आणि त्यांच्या देखरेखीखालीं पगारी संपादकांचा एक वर्गच उभा राहिला.

परंतु नोकरवर्ग कितीहि वाढविला तरी वेबची वाढ त्याहून वेगाची होती. या अडचणीवर रिच स्क्रेंटा व बॉब ट्रूएल यांनीं १९९८ च्या जून महिन्यांत निराळा उपाय योजिला. पगारी माणसांऐवजीं हौशी स्वयंसेवकांनीं एकेक लहान विषय वांटून घ्यावा, आणि तयार होणारी सूचि कोणासहि विनामूल्य वापरूं द्यावी, अशी ही योजना. त्याच वर्षाच्या अखेरीस नेटस्केप कंपनीनें ती आपल्याकडे घेतली. ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ हें तिचें रीतसर नांव. लोकांच्या तोंडीं मात्र ‘डीमॉझ’ हेंच बसलें. २०१७ सालीं ती बंद झाली त्या वेळीं तींत सुमारें ३८ लक्ष स्थळें दहा लक्षांहून अधिक वर्गांत लावलेलीं होतीं, आणि प्रारंभापासून नव्वद हजारांहून अधिक माणसांनीं तिच्या संपादनास हात लावला होता. मराठी स्थळांसाठींहि तींत स्वतंत्र दालन होतें. एकमेकांस कधींहि न भेटलेल्या इतक्या माणसांच्या हातून एकच दर्जा राखला जाईल कसा, हा यांतला खरा प्रश्न; आणि त्याचें उत्तर या सूचीच्या नियमांत सांपडतें.

पहिला नियम संपादकाच्या निवडीचा. काम करूं इच्छिणाऱ्यास आरंभीं एक लहानसा विषय मागावा लागे, आणि त्यांत घालण्याजोगीं दोन-तीन स्थळें शोधून त्यांचीं शीर्षकें व वर्णनें लिहून दाखवावीं लागत. ही त्याची परीक्षाच होय. ती उतरली तर तेवढाच विषय त्याच्या स्वाधीन होई. तेथील काम नीटनेटकें दिसलें म्हणजे मग मोठा विषय मिळे. अधिकार असा पायरीपायरीनें दिला जाई, आणि केलेल्या फेरफाराची नोंद इतर संपादकांस पाहतां येई.

दुसरा नियम स्थळांच्या निवडीचा. येथें असें काय आहे कीं जें अन्यत्र मिळत नाहीं, हा एकच प्रश्न संपादकानें विचारावयाचा. दुसऱ्याच्या पानाची हुबेहूब नक्कल, केवळ दलालीसाठीं दुसऱ्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक धाडणारें पान, ‘लवकरच येत आहे’ एवढीच पाटी लावलेलें रिकामें स्थळ, हीं सारीं वर्ज्य. पान दिसावयास सुंदर आहे कीं साधें आहे, याला महत्त्व नव्हतें. एखाद्यानें आपल्या गांवच्या जुन्या शिलालेखांची माहिती स्वतः पाहून, साध्या अक्षरांत मांडली असेल तर तिला जागा मिळावी. आणि लाखों रुपये खर्चून सजविलेल्या, पण स्वतःचें कांहींच नसलेल्या पानास मिळूं नये, असा या नियमाचा अर्थ.

तिसरा नियम वर्णनाचा. आणि संपादकाची खरी कसोटी येथेंच लागे. समजा, कोंकणांतील एका निवासगृहाच्या मालकानें आपलें वर्णन असें धाडलें : ‘कोंकणांतील सर्वोत्कृष्ट, एकमेवाद्वितीय निवासाचा स्वर्गीय अनुभव, आजच भेट द्या!’ या वाक्यांत विशेषणें भरपूर, परंतु निवासगृह कोणत्या गांवीं आहे एवढेंहि त्यांतून कळत नाहीं. संपादकाच्या हातून गेल्यावर तेंच असें व्हावें : ‘समुद्रकिनाऱ्याजवळील निवासगृह. खोल्या, दर, भोजनाची सोय व येण्याचा मार्ग यांची माहिती.’ आणि गांवाचें नांव तर तें स्थळ ज्या वर्गांत लावलें त्या वर्गानेंच सांगावें. स्तुति काढून टाकावी आणि माहिती ठेवावी, एवढेंच हें काम. पण तें लक्षावधि वेळां, न कंटाळतां करावें लागतें. दहा स्थळांचीं वर्णनें एकाच तटस्थ सुरांत लिहिलेलीं असलीं म्हणजे त्यांची तुलना वाचकास करतां येते. दहाहि मालक एकदम ओरडूं लागले म्हणजे ती करतां येत नाहीं.

चौथा नियम जागेचा. स्थळ कोणत्या वर्गांत लावावें, हें मालकाच्या इच्छेनें नव्हे, तर शोधणारा तें कोठें शोधील या विचारानें ठरवावयाचें. एकच पत्ता दहा वर्गांत घालून घेण्याचा मोह व्यापाऱ्यांस नेहमींच होतो. म्हणून बहुधा एक स्थळ व त्याची एक योग्य जागा हा दंडक. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं जीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांतील चौथें वाचकाचा वेळ वांचविण्यासंबंधीं आहे. वर्गीकरण हें त्या सूत्राचेंच प्रत्यक्ष रूप होय.

पांचवा नियम देखभालीचा. छापील पुस्तकांतील पत्ता जुना झाला तर वाचक हळहळतो आणि पुढें जातो. वेबवर धोका याहून मोठा आहे. अमेरिकेंतील प्यू या संशोधनसंस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१३ सालीं वेबवर असलेल्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनंतर उघडेनाशीं झालीं होतीं. शिवाय एखाद्या पत्त्याची मुदत संपली कीं तो दुसरा कोणीहि विकत घेऊं शकतो. काल ज्या पत्त्यावर शाळेची माहिती होती, तेथें आज जुगाराची जाहिरात असणें अशक्य नाहीं. आणि सूचि मात्र जुन्याच वर्णनानें त्याची शिफारस करीत राहते. डीमॉझमध्यें ‘रोबोझिला’ नांवाचें एक यंत्रवत् साधन वेळोवेळीं सर्व दुवे तपाशी, व न उघडणाऱ्या पत्त्यांवर खूण करी. परंतु पान उघडलें तरी त्यांतला मजकूर बदलला आहे काय, हें जाणण्यास माणसाचा डोळाच लागे.

सहावा नियम सर्वांत नाजूक, तो हितसंबंधांचा. ज्या माणसास एखाद्या विषयाची सर्वांत अधिक माहिती असते, त्याचाच त्या विषयांत पुष्कळदां व्यवसायहि असतो. त्यास वगळलें तर जाणकार जातो. ठेवलें तर पक्षपाताची भीति. यावर डीमॉझनें असा मार्ग काढला कीं, स्वतःशीं संबंध असलेलीं स्थळें संपादकानें आधींच उघड करावीं, त्यांस झुकतें माप देऊं नये, आणि प्रतिस्पर्ध्याचें स्थळ अडवून ठेवूं नये. नोंदीसाठीं पैसे घेणें सर्वथा निषिद्ध होतें. गैरवर्तनाची तक्रार कोणासहि करतां येई, व दोष सिद्ध झाला तर संपादकाचा अधिकार काढून घेतला जाई.

नियम इतके चांगले असतां ही संस्था टिकली कां नाहीं ? याचें एक कारण असें कीं, तिच्या नोंदीस अनपेक्षित किंमत आली. गूगलनें २००० सालापासून डीमॉझचीच सामग्री घेऊन आपली डिरेक्टरी चालविली, आणि चांगल्या ठिकाणाहून आलेला दुवा हा शोधयंत्राच्या क्रमवारींत मोलाचा ठरूं लागला. मग नोंद मिळावी म्हणून अर्ज येऊं लागले ते वाचकास उपयोग व्हावा म्हणून नव्हे, तर क्रमवारींत वर चढावें म्हणून. अर्जांचे ढीग सांचले. प्रामाणिक अर्जदारास महिनोन्‌महिने उत्तर मिळेना. आणि ज्यास उत्तर मिळत नाहीं, तो लांचाचा संशय घेतोच. कांहीं संपादकांवर तसे आरोपहि झाले. निर्णय योग्य असूनहि तो कळविला गेला नाहीं तर अन्यायासारखाच भासतो, हें येथें दिसून आलें.

याहूनें दुसरा मार्ग चोखाळला. व्यापारी स्थळांकडून तपासणीची फी घेण्यांत येऊं लागली. पुढें ती वर्षाला २९९ डॉलर झाली. फी भरली म्हणजे नोंद मिळेलच असें नव्हे, केवळ तपासणी वेळेवर होईल, असा करार होता. या पद्धतीनें खर्च भागला व ढीगहि उपसला गेला. परंतु जो पैसे देऊं शकत नाहीं त्या लहान दुकानदाराचें काय, आणि जो दरवर्षीं पैसे देतो त्यास काढून टाकण्याचें धैर्य संपादकास राहील काय, हे दोन प्रश्न मागें उरलेच.

दुसरें कारण साधनांच्या हेळसांडीचें. डीमॉझचे संपादक विनावेतन राबत असले तरी यंत्रसामग्री मालक कंपनीची होती. २००६ च्या ऑक्टोबरांत ती यंत्रें कोलमडलीं आणि डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत संपादकांस काम करतां आलें नाहीं. त्याच वर्षीं शोधयंत्रांनीं स्थळांच्या मालकांस अशी सोय करून दिली कीं, डीमॉझमधील वर्णन आमच्या नांवाखालीं दाखवूं नका असें त्यांनीं सांगावें. कारण पुष्कळ वर्णनें जुनीं झालीं होतीं. गूगलची डिरेक्टरी २०११ सालीं मिटली, याहूची २०१४ च्या डिसेंबरांत, आणि डीमॉझची १७ मार्च २०१७ रोजीं.

यावरून निवडीच्या सूचीचा काळ संपला असें म्हणणें घाईचें होईल. डीमॉझच्या कांहीं संपादकांनीं तोच संग्रह ‘कर्ली’ या नांवानें पुढें चालविला. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांतून १९९४ सालीं निघूं लागलेलें ‘स्काउट रिपोर्ट’ हें पत्र तर सर्व जगाची यादी करण्याच्या भरीस पडलेंच नाहीं. थोडींच स्थळें निवडावीं आणि त्यांचें परीक्षण नीट लिहावें, हें त्याचें धोरण. ज्यांनीं आपल्या शक्तीपुरतेंच क्षेत्र घेतलें ते तगले, आणि ज्यांनीं अवघें वेब कवेंत घेऊं पाहिलें ते थकले, असा या इतिहासाचा कल दिसतो.

शोधयंत्राचा वेग कोणत्याहि मनुष्यमंडळास साधणार नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु अमुक पान वर कां आलें आणि अमुक खालीं कां गेलें, याचें उत्तर तें वाचकास देत नाहीं. आतां तर यंत्रानें लिहिलेल्या मजकुराचीं पानें भराभर निर्माण होत आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांमागें विषय पाहिलेला असा मनुष्यच नसतो. अशा वेळीं ‘हें स्थळ अमुक माणसानें, अमुक दिवशीं, अमुक कसोटीनें पाहिलें आहे’ या एका वाक्याची किंमत कमी न होतां वाढतेच.

म्हणून एखाद्या वाचनालयानें, शाळेनें किंवा मंडळानें मराठींतील उपयुक्त स्थळांची यादी करावयाचें मनांत आणलें, तर मोठ्या आरंभापेक्षां पुढील गोष्टींचा बंदोबस्त आधीं करावा. कसोटी लिहून जाहीर करावी. प्रत्येक नोंदीपुढें ती शेवटीं केव्हां तपासली तें लिहावें. नाकारलेल्यास कारण कळवावें. यादी करणाऱ्याचा हितसंबंध लपवूं नये. आणि पैसे घेतले असतील तर तसें स्पष्ट छापावें. वर्षांतून दोन वेळां तपासण्याइतकींच स्थळें ठेवावीं, अधिक नकोत. वाचकानेंहि कोणतीहि यादी हातीं घेतांना एवढेच प्रश्न विचारावे : ही कोणी केली, केव्हां पाहिली, आणि हींतून कांहीं कधीं काढून टाकलें आहे काय ? ज्या यादींतून कधींच कांहीं काढलें जात नाहीं, तिला संपादक आहे असें मानण्याचें कारण नाहीं.