वहीचं पान शेवटच्या बाकापर्यंत

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची गोष्ट सोलापूर जिल्ह्याबाहेर, देशाबाहेर गेली. मुलांच्या घरी कन्नड आणि हातातलं पुस्तक वेगळ्या भाषेतलं, अशी तिथली अडचण होती. डिसले कन्नड शिकले, पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला आणि पानावर कोड छापला. त्यावर फोन धरला की कविता ऐकू यायची, पाठ दिसायचा. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आले आणि २०१७मध्ये ‘दीक्षा’ हा शैक्षणिक मंच सुरू झाल्यावर त्यांच्यामागचं साहित्य कुठल्याही फोनवर मिळू लागलं. पण कोड वाचणारा फोन गुरुजींचा असतो, त्याचा पडदा तळहाताएवढा असतो आणि समोर अख्खा वर्ग बसलेला असतो. ती अडचण दूर करायला टीव्ही आला. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही गावोगावच्या झेडपी शाळांत भिंतीवर लागले आणि फोनचा पडदा वायरीशिवाय टीव्हीवर आणणं, म्हणजे स्क्रीन मिररिंग, हे गुरुजींच्या रोजच्या कामात येऊन बसलं. या सोयीचा खरा उपयोग व्हिडिओ दाखवण्यात आहे असं सर्रास धरलं जातं. मला तो वेगळ्या ठिकाणी दिसतो: वर्गातल्या एका मुलाची वही बाकीच्या सगळ्यांना दाखवण्यात. वायर नसण्याला अर्थ येतो तोही तिथेच.

आधी काम कसं चालतं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. टीव्हीच्या रिमोटवरून ‘स्क्रीन मिररिंग’ किंवा ‘स्क्रीन शेअर’ निवडलं की टीव्ही वाट पाहत थांबतो. फोनमध्ये हीच सोय कंपनीगणिक वेगळ्या नावाने असते. कुठे ‘स्मार्ट व्ह्यू’, कुठे ‘कास्ट’, कुठे ‘वायरलेस डिस्प्ले’. ती उघडली की आसपासच्या टीव्हींची नावं दिसतात, नावावर बोट ठेवायचं, टीव्हीवर परवानगीची खूण आली तर ‘हो’ म्हणायचं. शेजारच्या वर्गातही त्याच कंपनीचा टीव्ही असेल तर दोन सारखी नावं दिसतात आणि तिसरीचं गणित चौथीच्या भिंतीवर उमटू शकतं. सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीला ‘इयत्ता तिसरी’ असं नाव दिलं की हा घोळ मिटतो. जोडणी झाल्यावर फोन सतत एकच काम करत राहतो. आपल्या पडद्यावर जे आहे त्याची चित्रं घेतो, ती दाबून लहान करतो आणि वाय-फायच्या लहरींवरून टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही ती उलगडून दाखवतो. या पाठवण्या-उलगडण्यात क्षणाचा काही भाग जातो, म्हणून टीव्हीवरचं चित्र हातातल्या चित्राच्या किंचित मागे असतं. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, आणि फोनचा पडदा बंद झाला की टीव्हीवरचं चित्रही जातं. म्हणून तासाआधी पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवावी लागते.

वाय-फाय म्हटलं की पुष्कळांना इंटरनेट आठवतं आणि इथेच मोठा गैरसमज होतो. मिराकास्ट ही पद्धत वाय-फाय अलायन्सने २०१२मध्ये आणली. तिच्यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये राउटर लागत नाही, डेटा पॅक लागत नाही, गावात रेंज नसली तरी चालतं. ‘कास्ट’ हा शब्द ज्या दुसऱ्या पद्धतीसाठी वापरतात, जी २०१३मध्ये गूगलच्या क्रोमकास्टबरोबर घरोघर गेली, तिचा मार्ग निराळा आहे. तिथे व्हिडिओ लावताना फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो व्हिडिओ आणतो. घरी बसून सिनेमा पाहायला ही पद्धत सरस: चित्र स्वच्छ येतं, फोनवर ताण नाही, मध्येच फोन आला तरी सिनेमा थांबत नाही. पण पत्ता सांगायला वस्तू आधी इंटरनेटवर असावी लागते. एखाद्या मुलीने पाच मिनिटांपूर्वी पाटीवर काढलेल्या वजाबाकीला असा पत्ता नसतो. ती टीव्हीवर आणायची तर मिररिंगच हवं.

आता व्हिडिओबद्दलचा माझा आक्षेप. तयार व्हिडिओ मिररिंगने दाखवला तर तो दोनदा दाबला जातो, अटकतो, आणि इंटरनेट ढिलं असेल तर गोल फिरणारी खूण अख्खा वर्ग पाहत बसतो. तोच व्हिडिओ आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावला तर विनातक्रार चालतो. पुस्तकाची पीडीएफ किंवा ॲपमधला मजकूर मिररिंगने दाखवण्यात तर अधिक नुकसान आहे आणि ते मोजून दाखवता येतं. साधा साडेसहा इंची फोन सुमारे १५ सेंटिमीटर लांब पडद्याचा असतो. ३२ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच. फोन आडवा धरला तर अक्षर पावणेपाच पट मोठं होतं. उभा धरला तर टीव्हीच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा वापरला जातो, दोन्ही बाजूंना काळं राहतं आणि अक्षर अडीच पटींच्या थोडंच वर जातं. फोन आपण ३५ सेंटिमीटरवरून वाचतो आणि शेवटच्या बाकावरचं मूल टीव्हीपासून ५ मीटरवर असतं, म्हणजे चौदा पट दूर. त्यामुळे आडव्या फोनचं अक्षर त्या मुलाला हातात फोन धरल्यावर दिसलं असतं त्याच्या एक तृतीयांशच दिसतं. उभ्या फोनचं तर एक पंचमांशाहून कमी. टीव्ही मोठा दिसतो म्हणून सगळ्यांना वाचता येत असेल, हा पुढे उभ्या असलेल्या माणसाचा समज आहे. ४३ इंची टीव्ही आणला तरी आडव्या फोनचं अक्षर सव्वासहा पटच होतं. चौदाचं अंतर भरून निघत नाही.

याच हिशोबात फोनचा कॅमेरा उघडा आणि चित्र पालटतं. मिररिंग चालू असताना कॅमेऱ्यात जे दिसतं तेच टीव्हीवर जातं, आणि कॅमेरा वस्तूच्या किती जवळ न्यायचा हे आपल्या हातात असतं. वहीतला चार सेंटिमीटरचा शब्द किंवा आकडेमोड पडदाभर आणली तर ती ७१ सेंटिमीटरची होते, सतरा पटींहून मोठी. चौदा पट अंतर वजा जाऊनही ती शेवटच्या बाकावर, स्वतःच्या डोळ्यासमोर वही धरल्यापेक्षा ठसठशीत दिसते. म्हणून पूर्ण पान दाखवण्याचा मोह आवरावा आणि एका वेळी एक ओळ, एक उदाहरण एवढंच धरावं. ४०२ वजा १५७ हे उदाहरण घ्या. पुष्कळ मुलं याचं उत्तर ३५५ काढतात, कारण ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात: सातातून दोन, पाचातून शून्य, चारातून एक. उत्तर २४५ आहे हे फळ्यावर लिहून दिलं तर मुलं ते उतरवून घेतात आणि चुकीमागचा विचार वहीतच दडून राहतो. तीच मांडणी मुलाच्या हस्ताक्षरात टीव्हीवर आली की वर्ग त्याच्या विचाराचा मार्ग पाहू शकतो, दशकाच्या घरात शून्य असताना हातचा कुठून आणायचा यावर बोलू शकतो. सोलापूर शहरात तेलुगू घरांतली, अक्कलकोट नि दक्षिण सोलापूरकडे कन्नड घरांतली मुलं मराठी वर्गात बसतात. शिक्षकाचं वाक्य त्यांच्यापर्यंत अर्धवट पोचतं तेव्हा मांडणी डोळ्यांनी दिसणं त्यांच्या फार कामाचं असतं.

यावर पहिला आक्षेप वायरीचा घेतला जाईल: एचडीएमआयची केबल स्वस्त, पक्की, तिच्यात अटकणं नाही. खरं आहे. पण स्वस्त फोनांपैकी बहुतेकांच्या चार्जिंगच्या खाचेतून टीव्हीला चित्र जातच नाही, आणि जातं त्या फोनलाही केबल टीव्हीजवळ बांधून ठेवते. मग मुलाने वही घेऊन पुढे यायचं. जे मूल मागे बसतं, बोलत नाही, ते पुढे येत नाही. नेहमीचीच चार मुलं येतात. बिनवायरी फोन शिक्षकाबरोबर बाकांमधून फिरतो, मागच्या मुलाच्या वहीवर जागेवरच थांबतो, खिडकीबाहेरच्या झाडावरच्या मुंग्यांपर्यंतही जातो. त्यासाठी चित्र किंचित मागे पडलं तर काही बिघडत नाही, कारण वही स्थिर असते. हात मात्र स्थिर हवा. दोन पुस्तकांच्या थप्पीवर फोन टेकवला तरी पुरतं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. मुलाची चूक एवढी मोठी करून साऱ्या वर्गाला दाखवणं म्हणजे त्याची शोभा करणं नाही का? असं होऊ शकतं, आणि ज्या वर्गात चुकीला हसतात तिथे हे यंत्र वापरूच नये. पण त्यावर उपाय शिक्षकाच्या हातात आहे. आधी मुलाला विचारावं, नाव झाकावं, एकाच उदाहरणाच्या दोन-तीन मांडण्या एकापाठोपाठ दाखवाव्यात, त्यांत बरोबर उत्तराच्या दोन वेगळ्या रीतीही असाव्यात, आणि पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतःच केलेली चूक दाखवावी. ज्याची वही आज दिसली त्याची पुन्हा लगेच येऊ नये, एवढी नोंद ठेवली की कुणावर रोख राहत नाही.

फळा काय वाईट आहे, असंही विचारलं जातं. फळा वाईट नाहीच. २०२०च्या टाळेबंदीत ज्यांच्या घरी फोन नव्हते अशा मुलांसाठी सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. कामगारवस्तीतली मुलं जाता-येता ते वाचत. मोठं अक्षर, वीज नको, रेंज नको. त्या काळात याहून चांगला उपाय दिसत नव्हता. वीज गेली की टीव्ही बंद, सोलापूरच्या उन्हात दारासमोरच्या भिंतीवर लावलेल्या टीव्हीवर दुपारी नुसती चमक दिसते, तेव्हा फळ्याला पर्याय नाही. पण फळ्यावर आणि भिंतीवर जे येतं ते शिक्षकाने लिहिलेलं. मुलाने लिहिलेलं जसंच्या तसं, त्याच्या वळणासकट, सगळ्यांसमोर आणण्याची सोय फळ्यात नाही.

एक धोका मात्र कमी लेखला जातो. आरशासारखा हा पडदा फोनवरचं सगळंच दाखवतो: बँकेचा निरोप, ओटीपी, एखाद्या पालकाने दुसऱ्या मुलाबद्दल केलेली तक्रार, घरच्या दुखण्याची बातमी. तासाआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावणं हे खडू घेण्याइतकं सवयीचं व्हायला हवं. मूळ दोष त्याच्याही आधीचा आहे. शाळेला टीव्ही देताना फोन शिक्षकाचा स्वतःचा वापरला जाईल हे सगळ्यांनी गृहीत धरलं. खाजगी वस्तू सार्वजनिक कामाला लावली की हे असं होणारच. शाळेच्या मालकीचा, सिम नसलेला एक साधा अँड्रॉइड फोन या कामाला पुरतो, आणि टीव्हीच्या किमतीपुढे त्याचा खर्च मोठा नाही.

म्हणून जी ग्रामपंचायत, जे माजी विद्यार्थी किंवा जी शाळा व्यवस्थापन समिती शाळेसाठी टीव्ही घ्यायला निघाली आहे, त्यांना विनंती आहे. सोबत शाळेतला फोन आणि एका मुलाची वही घेऊन दुकानात जा. दुकानदाराला टीव्हीचं आणि फोनचं इंटरनेट बंद करून मिररिंग जोडून दाखवायला सांगा. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही आणि काही अँड्रॉइड फोनांतही ते नसतं, तेव्हा ज्या फोनवर शिकवणार तोच फोन लावून बघा. कॅमेरा वहीतल्या एका ओळीवर धरा, पंधरा-सोळा फूट मागे जाऊन उभे राहा, आणि ओळ सहज वाचता आली तरच टीव्ही विकत घ्या.