नळीतला उजेड रंग सांगतो

पावसाळ्यातली सकाळ. रोटरी पंप पाऊण तास घरघरत होता, तरी रोज 0.005 मिलिबारपर्यंत उतरणारा दाब 0.03 च्या खाली येईना. दमट हवेत नळीच्या काचेला ओल धरते, तीच हळूहळू सुटत असेल, असं समजून मी आरगॉन सोडला आणि दाब 0.2 वर आणला.

या नळीत धातूचा एकही इलेक्ट्रोड नाही. बाहेरून तांब्याच्या पोकळ नळीचे पाच वेढे, त्यांतून पाणी खेळवलेलं. 1891 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी केंब्रिजला लायडन जारमधली वीज अशाच वेढ्यांतून सोडून आतल्या वायूत उजेडाचं कडं उमटवलं होतं. आमचा जनरेटर 13.56 मेगाहर्ट्झचा. विद्युतक्षेत्र सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख साठ हजार आवर्तनं करतं. आरगॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे त्र्याहत्तर हजार पट जड, तो जागचा फारसा हलत नाही. इलेक्ट्रॉन मात्र हेलकावतो, अणूंवर आदळतो, त्यांतून नवे इलेक्ट्रॉन उडवतो. दाब फार असला तर वेग घेण्याआधीच त्याची टक्कर होते. फारच कमी असला तर आदळायला अणूच मिळत नाहीत.

पॉवर दिली. आधी नळीभर धुकट, मलूल उजेड. मॅचिंग बॉक्सचे दोन्ही कपॅसिटर एका वेळी केसभर फिरवत जनरेटरकडे परतणारी, रिफ्लेक्टेड पॉवर खाली आणायची. इथे घाई अजिबात चालत नाही. थोडी पॉवर वाढवली आणि उजेड एकदम उसळला, वेढ्यांच्या आत दाट होऊन बसला. हा क्षण शेकडो वेळा पाहिलाय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

पण रंग चुकला होता. आरगॉनचा नेहमीचा फिकट जांभळा नव्हता, त्यात गुलाबी झाक होती. स्पेक्ट्रोमीटर लावला, तर 337 नॅनोमीटरला नायट्रोजनचं टोक स्पष्ट वर आलेलं. म्हणजे ओल नव्हे, हवा. गळती.

सगळं बंद करून फ्लँज उघडली. ओ-रिंगवर एक केस आडवा पडला होता, बहुधा माझाच. आदल्या दिवशी मीच ती बसवली होती. आयसोप्रोपिलने पुसली, ग्रीसचा पुसट हात दिला, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले आणि पंप पुन्हा सुरू केला. या वेळी काटा 0.005 वर टेकेपर्यंत मी आरगॉनच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही.