साठी, बुद्धी आणि घरखर्च

'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपल्याकडे पुष्कळ गोष्टी हसण्यावारी नेल्या जातात. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वयामुळे होऊ शकतं. पण रोजची आमटी फोडणीला टाकताना पुढे काय घालायचं तेच न सुचणं, किंवा स्वतःच्या गल्लीत घर न सापडणं याला वय कारण नाही. तो मेंदूचा आजार आहे, डिमेन्शिया. त्यातही बहुतेकदा अल्झायमर. आलोइस अल्झायमर यांनी जिच्यावरून हा आजार जगापुढे मांडला, ती ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा साठीच्या जवळपासही नव्हती. ५१ वर्षांची होती!

हे शहरी, सुखवस्तू घरांतलं दुखणं, हाही एक भ्रम. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया आहे. खेड्यांत त्याचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त.

खर्च म्हटला की डोळ्यांपुढे येतात गोळ्या आणि स्कॅन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ चा जगाचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर धरला. त्यातला जवळपास निम्मा घरच्यांनी बिनपगारी दिलेल्या वेळेचा. त्या तासांपैकी सुमारे ७० टक्के बायकांचे. सुनेने किंवा मुलीने नोकरी सोडली, तर तो बुडालेला पगार कुठल्याच बिलात चढत नाही. 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले, डिमेन्शिया झालेले शास्त्री हत्तीमागे निघून जातात आणि मुलीची धावाधाव सुरू होते. पडद्याबाहेर ती रोजचीच.

'आता काय इलाज?' हा प्रश्नही अर्धाच खरा. आजार बरा करणारं औषध नाही, हे खरं. पण बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळे झालेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून आधी तपासणी. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या मते बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा अशी १४ कारणं आवरली, तर ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. कानाचं यंत्र लावायला लाजणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

सर्वांत महागात पडणारा समज मात्र कागदोपत्री आहे: 'मुखत्यारपत्र केलंय, काळजी नाही.' १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची विचारशक्ती गेली की मुखत्यारी संपते. मग वडिलांच्याच उपचारांसाठी त्यांचं घर विकायचं, तरी कोर्टाची पायरी चढावी लागते. मृत्युपत्र, नॉमिनी, संयुक्त खातं ही कामं निदान लवकर झालं तर त्यांच्याच सहीने उरकता येतात.