बोर्गुंडचे लाकडी चर्च

नॉर्वेच्या पश्चिम भागातील लेर्दाल खोऱ्यात उभे असलेले बोर्गुंडचे चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीस पाइनच्या लाकडातून बांधले गेले आणि प्रेषित अँड्र्यूला अर्पण करण्यात आले. उभ्या खांबांच्या सांगाड्यावर रचलेल्या अशा इमारतींना स्टाव्ह चर्च म्हणतात. नॉर्वेत एके काळी त्या शेकड्यांनी होत्या, आज २८ उरल्या आहेत.

लाकडी वास्तूला आगीइतकेच भय ओलीचे. त्याआधीच्या चर्चांचे खांब थेट जमिनीत पुरलेले असल्याने त्यांचे बुंधे कुजत. बोर्गुंडच्या सुतारांनी मात्र दगडी जोत्यावर जाड आडव्या तुळयांची चौकट बसवली, तिच्यावर खांब रोवले आणि भिंतीच्या उभ्या फळ्या एकमेकींच्या खाचांत अशा अडकवल्या की मातीचा स्पर्श कोठेच होऊ नये. मधल्या उंच दालनाचे खांब फुलीच्या आकाराच्या तिरप्या आधारांनी जखडलेले असून, ते वाऱ्याचा जोर साऱ्या सांगाड्यावर वाटून देतात. भोवतीची पडवी खालच्या भिंतींचा पाऊस झेलते, तर एकावर एक चढत गेलेली छपरे माशाच्या खवल्यांप्रमाणे रचलेल्या लाकडी पट्ट्यांनी मढवलेली आहेत. त्यांना पाइनपासून काढलेले डांबर वेळोवेळी लावावे लागते, आणि खरे तर याच कंटाळवाण्या कामावर वास्तूचे आयुष्य टिकून आहे.

आढ्याच्या टोकांवरील ड्रॅगनची मुंडकी आणि पश्चिम दारावरील वेलींत गुंतलेले प्राणी पाहून हे जुन्या धर्माचे अवशेष असल्याचे हौसेने सांगितले जाते. हे वाचन आकर्षक असले तरी घाईचे आहे, कारण तोवर नॉर्वे ख्रिस्ती होऊन दीड शतक उलटले होते आणि वेल व श्वापदे युरोपातील दगडी चर्चांवरही त्या काळी सर्रास कोरली जात. आतील भाग अंधारा आहे, कारण प्रकाश मुख्यतः उंचावरील लहान गोल झरोक्यांतूनच येतो. थोर नावाच्या माणसाने संत ओलाफच्या सणाच्या संध्याकाळी आपण ही अक्षरे लिहिल्याचे रूनिक लिपीत, म्हणजे जुन्या उत्तर युरोपीय वर्णमालेत, कोरून ठेवले आहे.

गावकऱ्यांच्या संख्येच्या मानाने चर्च पुरेसे मोठे असावे असा कायदा १८५१ मध्ये झाल्यावर अनेक जुनी चर्चे पाडली गेली. बोर्गुंडमध्ये १८६८ साली शेजारीच नवे चर्च उभे राहिले, पण जुने तसेच राहू दिले गेले. पुढे १८७७ मध्ये, १८४४ साली स्थापन झालेल्या प्राचीन वास्तू जतन संस्थेने ते ताब्यात घेतले. त्यानंतर गोल आणि हॉपरस्टाड येथील जीर्ण चर्चांचा उद्धार करताना वास्तुविशारदांनी बोर्गुंडचाच नमुना समोर ठेवला, त्यामुळे आज त्या चर्चांवर दिसणारा मध्ययुगीन थाट बराचसा एकोणिसाव्या शतकात बोर्गुंडकडून उसना घेतलेला आहे.